बिनकुलपाचे दार

मुलींच्या नव्या स्वच्छतागृहाच्या पायरीशी चपलांचे चार जोड ओळीने काढून ठेवलेले दिसले, तेव्हा उदाराम गुरुजींना आधी समाधान वाटले. वापर सुरू झाला होता, आणि तोही शिस्तीने. त्यांनी शाळेच्या फाटकापाशी मोटारसायकल लावली आणि इमारतीकडे पाठ करून ते उभे राहिले. निवृत्त मुख्याध्यापकाने तिकडे टक लावून पाहणे बरे नव्हे, एवढे भान त्यांना होते. पण मागून अगरबत्तीचा वास आला आणि त्यांना वळावे लागले.

दर्शनी खोलीत, हात धुण्याच्या बेसिनच्या वर भिंतीला, त्यांच्या पत्नीचा हार घातलेला फोटो होता. त्याच्यासमोर सातवीच्या चार मुली डोळे मिटून उभ्या होत्या.

"काय करून राहिल्या गं?" गुरुजींनी बाहेरूनच विचारले.

"पाया पडून राहिलो जी," त्यांतली अंजू म्हणाली. "गणिताचा पेपर हाय आज."

"अन् मागं?" गुरुजींनी आतल्या दोन बंद दारांकडे हनुवटीनेच खूण केली.

मुलींनी एकमेकींकडे पाहिले. "तिकडं कोनी नाई जात जी. बाईच्या फोटोसमोरून कसं जावं?"

"मंग कुठं जाता?"

"बांधीकडं," अंजू म्हणाली आणि चप्पल घालून पेपरला पळाली.

बांधी म्हणजे शाळेमागची धानाची शेते. रोवणीचे दिवस होते, बांध्यांत गुडघाभर चिखल होता. गुरुजींनी फोटोकडे पाहिले. फोटोतल्या शकुंतलाबाई शाळेत असत तशाच दिसत होत्या: नीटनेटक्या, हसऱ्या, आणि काहीही न मागणाऱ्या.

बोदलकसाच्या वाटेवरच्या या बेलाटोल्याच्या शाळेत उदाराम कटरे अकरा वर्षे मुख्याध्यापक होते. शकुंतलाबाई त्याच शाळेत एकोणीस वर्षे शिकवत होत्या. गाव त्यांना नुसते 'बाई' म्हणे, आणि शाळेच्या वेळेत गुरुजीही बाईच म्हणत. त्या काळी शाळेला एक सरकारी स्वच्छतागृह होते. बांधून महिना झाला नाही तोच त्यात बकऱ्या बसू लागल्या, कुणीतरी धानाच्या तणसाचे भारे रचले, एकदा तर आत कोंबडी अंड्यांवर बसलेली सापडली. गुरुजींनी सगळे धुऊन काढले आणि दाराला कुलूप लावले. चावी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात असे. ज्याला हवी त्याने मागावी, असा नियम होता. अकरा वर्षांत एकाही बाईमाणसाने चावी मागितली नाही. यावरून, कुणाचीही गैरसोय होत नाही असा निष्कर्ष गुरुजींनी काढला होता. तपासणीच्या दिवशी कुलूप निघे, फरशी चकचकीत दिसे आणि साहेब खूश होऊन जात.

शकुंतलाबाई शाळेत पाणी पीत नसत. डब्यासोबतची बाटली भरलेली नेत आणि भरलेली परत आणत. गुरुजी कधीमधी रागावत, "नेते कायले मंग वझं?" त्या हसून बाटलीतले पाणी तुळशीला घालत. पुढे किडनीचे दुखणे निघाले. गोंदियाच्या डॉक्टरांनी विचारले, दिवसभरात पाणी किती पिता? बाई म्हणाल्या, शाळेतून घरी आल्यावर पिते. परतीच्या वाटेवर गुरुजींनी विचारले, "शाळेत काऊन नव्हती पीत?"

"चावी तुमच्यापाशी होती ना जी," बाई म्हणाल्या. तक्रार नव्हती त्यात. आज भाजी कोणती करू, अशा सुरात त्या बोलल्या.

दुखण्याची कारणे अनेक असतात, असे डॉक्टर म्हणाले होते. गुरुजींनी त्यांतले एकच लक्षात ठेवले. बाई गेल्यावर तीन महिन्यांनी त्यांनी स्वतःच्या पैशाने शाळेत मुलींसाठी नवे स्वच्छतागृह बांधायला घेतले. जुनी कुलूपबंद खोली पाडून त्याच जागी. वर पाण्याची टाकी, आत साबण, झाकणाची बादली, आणि दोन्ही दारांना फक्त आतून कडी. बाहेरून कुलूप लावायला जागाच ठेवायची नाही, हे त्यांनी मिस्त्रीला तीनदा बजावले. मिस्त्रीने त्याआधी आयुष्यात फक्त दोन देवळे आणि एक समाधी बांधली होती. त्यामुळे कुलपाचे त्याने नीट लक्षात ठेवले, पण छप्पर हाताच्या सवयीने जरा टोकदार झाले.

खरी अडचण नावाच्या पाटीवरून आली. गुरुजींची मोठी बहीण तुलसाताई काठी टेकत बांधकामावर आली आणि रेतीच्या ढिगाशी उभी राहिली.

"उदा, माह्या भावजयीचं नाव तू संडासावर लावून राहिला?"

"ताई, तिच्या नावानंच तर बांधून राहिलो."

"लोकं देवळाले घंटा देतात, बसायले बाक देतात. तुले हेच सुचलं?"

"तिले हेच पाहिजे होतं."

"तिनं सांगतलं का तुले?"

बाईंनी सांगितले नव्हते आणि गुरुजींनी विचारले नव्हते.

शेवटी तडजोड झाली. नाव राहील, पण त्याखाली 'स्वच्छतागृह' हा शब्द येणार नाही. फोटो लागेल, म्हणजे मान दिसेल. आणि पूजा तुलसाताईच्या हातून होईल. त्याप्रमाणे संगमरवरी पाटीवर 'कै. शकुंतलाबाई कटरे स्मृती' एवढेच कोरले गेले, उंबऱ्याला हळदकुंकू लागले, नारळ फुटला. त्या दिवशी सगळे गाव चप्पल काढून आत डोकावून गेले. टोकदार छप्पर, पांढऱ्या फरशा, हारातला फोटो आणि अगरबत्ती. आत कशासाठी जायचे असते हे कुठेच लिहिलेले नव्हते. ज्यांना माहीत होते त्यांना आता ते मनात आणायचीही लाज वाटू लागली.

पेपरच्या दिवसाचा तो प्रकार पाहून गुरुजींनी मुख्याध्यापक घनश्याम सरांची परवानगी घेतली आणि दुसऱ्या दिवशी परिपाठाला मुलींसमोर ते उभे राहिले. पस्तीस वर्षे शिकवलेला माणूस, पण तो एक शब्द मुलींसमोर त्यांच्या तोंडून निघेना.

"ती वास्तू," ते म्हणाले, "ज्या हेतूनं बांधली, त्या हेतूनं तिचा लाभ घ्यावा. रोज जावं. मधल्या सुट्टीत जावं. संकोच करू नये."

मधल्या सुट्टीत त्रेसष्ट मुली हातात जास्वंद आणि कण्हेर घेऊन रांगेत उभ्या होत्या. त्यांच्यामागे मुलांचीही रांग लागली होती. मुलांचे म्हणणे असे, की पेपर त्यांचाही होता.

"गुरुजी," घनश्याम सर हळूच म्हणाले, "तुमी काय सांगतलं जी यायले?"

"चुकलं माझं," गुरुजी म्हणाले. "फोटोच काढून टाकतो."

संध्याकाळी त्यांनी फोटो काढला, पंच्यात गुंडाळला आणि मोटारसायकलवर घरी नेला. वाटेत तिघांनी विचारले आणि तिघांना त्यांनी खरे ते सांगितले, की तिथे तो नकोच. दुसऱ्या दिवशी सकाळी गोंदियाजवळच्या मुर्रीहून त्यांच्या मुलीचा, रुचीचा, फोन आला.

"बाबा, तुम्ही लग्न करून राहिले का?"

"कोनाचं?"

"तुमचं. आत्याचा फोन आला होता. आईला जाऊन आठ महिने नाही झाले अन् बाबांनी तिचा फोटो काढून टाकला म्हणे. सालेकसाकडचं स्थळ आहे, असंही ऐकलं."

"अगं, मी बासष्ट वर्षांचा हाव."

"ती पंचावन्नची आहे म्हणे," रुची म्हणाली. "बाबा, मला कळतं तुम्ही का काढला ते. पण आत्या रडत होती."

दुपारी फोटो परत बेसिनवर लागला. आधीच्यापेक्षा मोठ्या हारासकट, कारण हार तुलसाताईने आणला होता. त्यानंतर शाळेतल्या बाकीच्या मुलीही तिथून खाली मान घालून जाऊ लागल्या.

त्याच आठवड्यात अंजू शाळेत दिसेना. गुरुजींना ती कालव्याच्या वाटेवर भेटली. आईबरोबर रोवणीला निघाली होती.

"शाळेत काऊन नाई येत?"

अंजू पायाच्या अंगठ्याने चिखल उकरू लागली. उत्तर तिच्या आईने दिले. "चार दिवस नाई येत जी थे. बाईच्या जागेत विटाळ कसा चालंल?"

"पन आधी तर येत होती!"

"आधी थे जुनी खोली होती ना कुलूपवाली. तिच्या मागं आडोसा होता. पोरी तिथं जात. आता थे बी पाडली तुमीनं."

अकरा वर्षे ज्या दाराला गुरुजींनी कुलूप लावले, त्याच्या मागच्या भिंतीचा तरी मुलींना उपयोग होता. आता तीही उरली नव्हती.

"माय म्हणते बाई लय चांगल्या होत्या," अंजू खाली पाहतच म्हणाली. "पन आता बाईमुळंच आमाले..." आईने तिचा दंड ओढला आणि वाक्य तिथेच राहिले.

त्या रात्री गुरुजी जेवले नाहीत. सकाळी उठून ते घनश्याम सरांकडे निघणार, तेवढ्यात घनश्याम सरच आनंदाने धापा टाकत दारात आले.

"गुरुजी, स्वच्छ शाळेच्या स्पर्धेत नंबर आला समजा! पंचायत समितीचे साहेब काल जाता जाता शाळेत डोकावले. आपलं स्वच्छतागृह पायलं अन् बूट काढून आत गेले. म्हणे तालुक्यात असं दुसरं नाई. निरा आरसा! गुरुवारी तपासणीचं पथक येऊन राहिलं. तुमाले शाल-नारळ देणार."

"घनश्यामजी, कोनी वापरलंच नाई तर घाण कशानं होईल?"

"थे कागदावर येत नाई ना जी," घनश्याम सर समजावणीच्या सुरात म्हणाले. "फरशी, नळ, साबण. साबण तर अजून कोराच हाय!"

कुलूप लावून गुरुजींनी एकदा शाबासकी मिळवली होती. आता कुलूप न लावताही तीच शाबासकी घरी चालत आली होती. फरक एवढाच, की तेव्हा शकुंतलाबाई शाळेत होत्या आणि आता भिंतीवर.

गुरुवारी शाळेच्या पटांगणात सतरंज्या अंथरल्या होत्या. पथकाच्या प्रमुख रीता मॅडम हातात तक्ता घेऊन बसल्या होत्या. पहिल्या रांगेत तुलसाताई खुर्चीवर, मागे गाव, बाजूला मुली. अंजूही आली होती, तिचे चार दिवस सरले होते. सत्काराची तीन भाषणे झाली. प्रत्येकात शकुंतलाबाईंना आधी आदर्श शिक्षिका, मग त्यागमूर्ती आणि शेवटी गावची देवी म्हटले गेले. तुलसाताई खुर्चीत सारखी चुळबुळ करत होती. गुरुजींच्या खांद्यावर शाल आली, हातात नारळ आला, आणि दोन शब्द बोलण्याची विनंती झाली.

"देवी नव्हती थे," गुरुजी म्हणाले.

रीता मॅडमनी तक्त्यावरून मान वर केली.

"एकोणीस वर्षं या शाळेत शिकवलं तिनं. अकरा वर्षं मी इथं साहेब होतो. स्वच्छतागृहाले कुलूप मी लावलं. चावी या खिशात होती." त्यांनी सदऱ्याच्या खिशावर हात ठेवला. "सगळ्या मास्तरांसमोर, माणसांसमोर, बाईमाणसानं चावी मागाची. कायले पाहिजे म्हणून सगळ्याइले समजते. तिनं नाई मागितली. पानी पिणं सोडलं."

"उदा, बस खाली," तुलसाताई पुटपुटली.

"नाई बसत, ताई." गुरुजींनी नारळ टेबलावर ठेवला. "बाईले लघवी लागत होती. सगळ्याइले लागते तशी. अन् माह्या घरात राहून, माह्या शाळेत राहून, तिले जाता आलं नाई. मले समजलं नाई. समजलं तेव्हा दवाखान्याच्या रस्त्यावर होतो आमी. हे बांधलं थे पोरींनी जावं म्हणून. पाया पडाले नाई. रोज जा. त्या चार दिवसांत तर जाच. घाण होऊ द्या. पानी सांडू द्या."

मुलांच्या रांगेत कुणीतरी खुदकन हसले आणि हसू लगेच थांबले. रीता मॅडमनी पेन खाली ठेवले. पुढे काय करायचे ते कुणालाच सुचेना, कारण कार्यक्रमपत्रिकेत यानंतर आभारप्रदर्शन होते.

तेवढ्यात तुलसाताई काठी टेकून उठली.

"अकरा वर्षं दाबून ठेवलं अन् मले एका शब्दानं नाई सांगतलं तिनं," ती म्हणाली. आवाज चिडका होता, पण डोळे भरले होते. "मी तर दोन घंट्यात हैरान झाली. तीन तीन भाषणं करतात मेले." आणि सगळ्या गावादेखत, चप्पल न काढता, ती तरातरा चालत पाटीखालून आत शिरली. आतल्या दाराची कडी वाजली. मग पाण्याचा आवाज आला, भरपूर आणि बराच वेळ.

तुलसाताई बाहेर आली तेव्हा तिच्या काखेत फोटो होता. हार तिने बेसिनवरच ठेवला होता.

"हे घरी लाव," तिने फोटो गुरुजींच्या हातात दिला. "बिचारीले बी लाज वाटत असंल, येणाऱ्या-जाणाऱ्या पोरींकडं पाहाले." मग मुलींकडे वळून तिने काठी आपटली. "आता पाहून काय राहिल्या गं? जा ना! पानी लय चांगलं येऊन राहिलं नळाले."

मुली उठल्या. पहिल्या दोघी लाजत गेल्या, पुढच्या चौघी धावत, आणि मग त्रेसष्टच्या त्रेसष्ट. आज हातात फुले नव्हती, आणि रांगेत ढकलाढकल होती. कुणी साबणाचा फेस मैत्रिणीच्या नाकाला लावला, कुणी बादली पालथी केली. बांधावरून आलेले पाय होते, प्रत्येकीने आपापला चिखल आत नेला.

गर्दी थोडी ओसरल्यावर रीता मॅडम तपासणीला आत गेल्या. उंबऱ्यावर त्यांचा पाय सरकला तेव्हा त्यांनी बेसिन धरले. बेसिनवर पाच बोटांचा मातीचा ठसा होता. हार भिजून लगदा झाला होता. त्यांनी बराच वेळ काही लिहिले आणि तक्ता सहीसाठी घनश्याम सरांपुढे धरला. सरांनी वाचला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"गुरुजी, नंबर गेला जी," ते म्हणाले. "काय लिहिलं पाहा. फरशी अस्वच्छ. साबण संपलेला. नियमित सफाईची गरज."

"वाचू द्या." गुरुजींनी चष्मा लावला आणि तक्ता हातात घेतला. सगळ्यात खाली एक ओळ होती: 'स्वच्छतागृह पूर्ण वापरात आहे.' ती त्यांनी दोनदा वाचली. हे घरी जाऊन कुणाला तरी सांगावे असे त्यांना वाटले, आणि कुणाला, ते आठवल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला.

"नियमित सफाईले मानूस हाय का आपल्यापाशी?" त्यांनी विचारले.

"शाळेले सफाई कामगार कुठं असते जी?"

"मंग झाडू द्या."

"गुरुजी, तुमी? सत्काराच्या दिवशी?"

गुरुजींनी शाल काढून खुर्चीवर ठेवली. तुलसाताईला फोटोसकट घरी पोहोचवायला त्यांनी घनश्याम सरांनाच सांगितले. शाळा सुटली, पटांगण रिकामे झाले, तेव्हा ते झाडू आणि फिनेलची बाटली घेऊन पायरीपाशी आले. "आत कोनी हाय का?" त्यांनी बाहेरूनच आवाज दिला.

"मी हाव," आतून अंजूचा आवाज आला. "बाहेर कोन हाय?"

"मी. उदाराम गुरुजी. साफ कराले आलो."

"थांबा मंग. मले येळ लागंल."

"लागू दे, बेटा," गुरुजी म्हणाले, आणि झाडू मांडीवर आडवा ठेवून ओल्या पायरीवर बसून राहिले.